तुझा ओटीपी येईना झालाय

गेल्या रविवारी मी कुकर लावला होता. दुसरी शिट्टी झाली आणि आण्णांचा फोन आला. जेवलीस का, थंडी किती आहे, आईच्या गुडघ्याला नवीन तेल आणलंय, एवढं बोलून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, “तुझा ओटीपी येईना झालाय बघ हल्ली.” आवाजात तक्रार नव्हती. यंदा पाऊस लांबलाय किंवा गाडीला उशीर झालाय, असं आपण म्हणतो ना, तसं म्हणाले. मी सांगितलं, “आण्णा, तो आता इकडंच येतो, माझ्या फोनवर. तुम्हाला त्रास नको म्हणून मार्चमध्येच बदलून घेतलं की.” “हां हां, सांगितलं होतंस,” म्हणाले. मग फोन आईकडं गेला आणि गोष्ट शेवग्याच्या शेंगांवर आली. कुकर उतरला, आमटी-भात जेवून झाला, खिडकीबाहेर चार वाजताच अंधारून आलं. ते वाक्य मात्र तिथंच बसून राहिलं.

2022 च्या सप्टेंबरात मी सांगलीहून जर्मनीतल्या आखेनला एमएससाठी निघाले, तेव्हा माझं भारतातलं सिम कार्ड कुठं ठेवायचं हा आमच्या घरातला मोठा प्रश्न होता. बँक, आधार, पॅन, कर्जाचं खातं, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं. रोमिंगचा पॅक महागडा वाटत होता. (माझ्या सिमवर परदेशात नुसता एसएमएस घ्यायला पैसे पडत नाहीत, त्यासाठी पॅक लागतच नाही, हे मला दीड वर्षानं कळलं. निघण्यापूर्वी काउंटरवर हा एकच प्रश्न विचारायला हवा होता.) शेवटी आण्णांनी निकाल दिला. त्यांच्याकडं जुना बटणांचा फोन होता, त्यात सिम घालायचं आणि तो फोन त्यांनी जवळ बाळगायचा. आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. पेढीतल्या कुठल्याही वस्तूसारखा तो फोनही दोन महिन्यांत पिवळा झाला. बटणांच्या फटीत हळद बसली. उजव्या अंगठ्याखालची बटणं आधी पिवळी आणि मग गुळगुळीत झाली. सुट्टीत घरी गेले की मी तो हातात घ्यायचे आणि नाकाशी न्यायचे.

मग आमचा एक रिवाज ठरला. फी भरायची, कर्जाचा तपशील बघायचा किंवा आईच्या औषधाची मागणी नोंदवायची असेल, की मी आधी आण्णांना फोन लावायचे. हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. “थांब, चष्मा लावतो.” मग तागाच्या पोत्यांचा, हमालांच्या हाकांचा, कुठंतरी वजनकाट्यावर काही आदळल्याचा आवाज. मग टूं टूं. “आलाय गं.” आण्णा आकडे सुटे सांगत नसत. आयुष्यभर वजनं आणि दर लिहिलेला माणूस, ते जोडीनं सांगायचे: “सत्तेचाळीस. नव्वद. एकोणसत्तर.” इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये दरवेळी अडखळायचे. “साठावर नऊ, बाळ.” मुदत तीन मिनिटांची. त्यातली दोन आकड्यांत जायची, आणि उरलेल्या एका मिनिटात पलीकडचा माणूस श्वास रोखून विचारायचा, “बसला का?” बसला म्हटलं की त्यांना जो आनंद व्हायचा, तो मी परीक्षेत पहिली आले तेव्हाही मला ऐकू आला नव्हता.

गंमत अशी की या सवयीनं मला जर्मन आकडे सोपे गेले. जर्मनमध्येही सत्तेचाळीस म्हणजे ‘सात आणि चाळीस’, एकम आधी. वर्गातली इंग्लंड-अमेरिकेची मुलं त्यावर वैतागायची. मी खात्याचा लांबलचक क्रमांक ऐकून भराभर लिहून घ्यायचे आणि मनात आण्णांचा आवाज असायचा.

प्रत्येक एसएमएसच्या शेवटी एक ओळ असायची. हा क्रमांक कुणालाही सांगू नका.

आम्ही दोघंही ती ओळ वाचत होतो. ती आपल्यासाठी आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. बाप-लेकीत ‘कुणालाही’ कोण येतं?

ते ‘कुणीही’ माझ्या आयुष्यात आखेनला पोचायच्या आधीच येऊन बसलं होतं, हे मला उशिरा कळलं. आखेनमध्ये घर मिळणं किती कठीण, ते तिथं राहिलेल्याला सांगायला नको. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची. गेली काही वर्षं जर्मनीत बाहेरून शिकायला येणाऱ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे, आणि सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत आम्ही सगळे त्याच जाहिरातींवर तुटून पडलेले असतो. सांगलीतल्या माझ्या खोलीत रात्री दोनला मला एक जाहिरात दिसली. पोंटस्ट्रास रस्त्याच्या मागं एक खोली, विजेसकट 340 युरो, पांढरा पडदा, खिडकीत तुळशीसारखं दिसणारं एक झाड. घरमालकीण फार गोड लिहायची. ती कामानिमित्त स्पेनमध्ये होती. किल्ली कुरियरनं येणार होती. खात्री पटावी म्हणून तिनं स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली आणि माझी मागवली. दोन महिन्यांची अनामत, 680 युरो, आधी भरायची होती. खात्याच्या क्रमांकाची सुरुवात ‘ईएस’नं होत होती. तेव्हा मला ती फक्त दोन अक्षरं वाटली. जर्मन खातं ‘डीई’नं सुरू होतं आणि ईएस म्हणजे स्पेन, हे माहीत झालं तेही तिच्या गोष्टीशी जुळलंच.

पोचल्यावर बॅगा ओढत मी त्या पत्त्यावर गेले. बारीक पाऊस होता. आखेनच्या मध्यवस्तीत गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांचा गंधकाचा वास ओल्या हवेत जास्त पसरतो. आपल्याकडं पादेलोणाचा डबा उघडल्यावर येतो, अगदी तसा. मला वाटलं, या गावाचा वास ओळखीचा आहे. दाराशी घंट्यांची पाटी होती, तिच्यावर सहा नावं, त्यांत तिचं नाव नव्हतं. मी सगळ्या घंटा वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ खाली आले. माझ्या फोनवरचा पांढरा पडदा बघून त्यांनी मान हलवली, आत गेले आणि माझ्यासाठी छत्री घेऊन आले. म्हणाले, या महिन्यात तू तिसरी.

जर्मनीच्या दिवाणी कायद्यात अनामत किती घ्यावी ते स्पष्ट लिहिलंय. विजेचा-हीटिंगचा खर्च सोडून जे भाडं राहतं, त्याच्या तिपटीपेक्षा जास्त नाही. भाडेकरू ती तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो, आणि पहिला हप्ता भाडेकरार लागू झाल्यावर. म्हणजे घर बघायच्या आधी कुणी अनामत मागितली, तर मागणाराच सांगत असतो की घर नाही. हे चार ओळींत मावणारं ज्ञान मला 680 युरोंना पडलं. तेव्हा बँकाही फक्त खातेक्रमांक बघायच्या, नाव कुणाचंही घाला. युरो वापरणाऱ्या देशांत 9 ऑक्टोबर 2025 पासून नियम बदललाय. पैसे जाण्यापूर्वी नाव आणि क्रमांक जुळतात का, हे तिथल्या बँकेला सांगावं लागतं. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसती बसून होते. जुळत नाही, एवढे दोन शब्द मला त्या रात्री दोन वाजता दिसले असते तर.

पैशांचं दुःख ओसरलं. पासपोर्टचं ओसरलं नाही. पोलिसांकडं तक्रार नोंदवताना तिथल्या बाईंनी मला शांतपणे सांगितलं की तुला आलेला पासपोर्ट त्या ठगाचा नसणार, बहुधा तुझ्याआधी फसलेल्या कुणाचा असेल. मला त्या फोटोतली मुलगी आठवली. कुरळे केस, कपाळावर बारीकसा व्रण, डोळे थोडे घाबरलेले. मी तिला महिनाभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. ती माझ्यासारखीच कुठल्यातरी गावाहून खोली शोधत आली असेल. आणि आता माझा फोटो? विश्रामबागेतल्या स्टुडिओत काढलेला, आईनं मागून वेणी नीट करून दिली होती तो. तो फोटो आज कुणाला तरी घरमालकीण म्हणून जात असेल, आणि कुणीतरी मुलगी रात्री दोनला माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत असेल. या विचारानं मला अजूनही मध्येच जाग येते. तेव्हापासून पासपोर्टची असो की आधारची, कुठलीही प्रत द्यायची झाली तर मी तिच्यावर आडवं लिहिते: अमुक घराच्या अर्जासाठी, अमुक तारीख. फोटोवरून जाईल असं. आधारची तर पहिले आठ आकडे झाकलेलीच प्रत देते. माझ्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलामुलीला हे सांगताना मी थोडी आग्रही होते, माझा आवाजही चढतो. चढू दे.

घरी मी सांगितलं नाही. आण्णांना तर नाहीच. पेढीवरच्या पगारातून, आईच्या शिवणातून आणि कर्जातून उभे केलेले पैसे होते ते. त्या वर्षी व्हिसासाठी बँकेत 10,332 युरो आधी भरून ठेवावे लागत. युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वाआठ लाख. ते एका बंद खात्यात जायचे आणि महिन्याला 861 युरो एवढेच बाहेर यायचे. ही कल्पना आण्णांना समजावताना मी खूप शब्द जुळवत होते. ते म्हणाले, “म्हणजे पेव की.”

हरिपूरची पेवं मी लहानपणी पाहिली आहेत. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीखाली हळद साठवायचे. वर बघावं तर नुसतं माळरान, आणि पायाखाली मडक्यासारखे पोटात फुगलेले खड्डे, तोंड एवढंसं, आत शेकडो क्विंटल हळद. तिथली माती अशी की आत ओल नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. आण्णांनी मला एका पेवाच्या तोंडाशी वाकवून आतला वास दिला होता. गरम, कोंडलेला, डोळ्यांत पाणी आणणारा. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. मी सात वर्षांची होते. पूर ओसरल्यावर आण्णा पेढीवरून आले, त्यांनी अंगणात पाय धुतले आणि पाणी पिवळं वाहत गेलं, ते आठवतं. शंभर वर्षं सुरक्षित म्हणून ज्याच्यावर निजलो, तिथंच पाणी आलं, असं ते आईला म्हणाले होते.

तर माझ्या पेवातून दर महिन्याला 861 निघायचे. अखेर मिळालेल्या खोलीचे 330, आरोग्यविम्याचे शंभराच्या वर, फोनचे दहा. सत्राचं शुल्क तीनशेच्या आसपास, पण बस-रेल्वेचा पास त्यातच, आणि त्या पासनं मला कोलोनचं कॅथीड्रलही दाखवलं आणि ऱ्हाईन नदीही. 680 ची खोट भरून काढायला मी पाच महिने घेतले. काबुली चणे आणि लाल मसूर मोठ्या पिशवीत. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर. संध्याकाळी दुकान बंद होण्याआधी अर्ध्या किमतीची चिठ्ठी लावलेला पाव. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला यंत्रात पंचवीस सेंट परत मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ. पार्टीनंतर वसतिगृहाच्या जिन्यात उरलेल्या बाटल्या मी पहाटे गोळा करायचे. यात मला तेव्हाही कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. आमच्या यार्डात सांडलेली हळकुंडं झाडून-पाखडून विकणाऱ्या बायका मी पाहत वाढले. सांडलेलं उचलण्यात कष्ट असतात, लाज नसते. लाज मला वाटत होती ती फसल्याची. आणि तीच मला गप्प ठेवत होती.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, ठगाचा खरा फायदा 680 युरोंचा नव्हताच. मी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळं माझ्यानंतर त्याच जाहिरातीला आमच्याच गटातली आणखी दोन मुलं लागली.

पैसे वाचवण्यातलं सगळंच काही असं काटकसरीचं नसतं, काही नुसतं एका बटणाचं असतं. पहिल्याच दिवशी विमानतळावर एटीएममधून 200 युरो काढले. पडद्यावर विचारलं, रुपयांत रक्कम दाखवू का? परक्या देशात रुपयाचं चिन्ह दिसलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हटलं. त्या होकाराचे चौदाशे रुपये जास्त कापले गेले. यंत्र स्वतःच्या दरानं रुपये मोजतं आणि तो दर आपल्या बाजूचा नसतो. जिथं असू तिथलं चलन निवडायचं, रुपयांच्या मोहात पडायचं नाही. वर माझ्या भारतीय कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराच्या वस्तूमागं चार रुपये नुसते वाऱ्यावर. महिन्याभरात मी जर्मन खातं उघडलं आणि भारतीय कार्ड कपाटात गेलं.

आणि माझ्या नाशिकच्या मैत्रिणीची गोष्ट. ब्रुसेल्सच्या स्टेशनात तिचा फोन गेला. तिकीट फोनमध्ये, बँक फोनमध्ये, सगळ्या दरवाज्यांच्या किल्ल्या फोनमध्ये, आणि ते दरवाजे पुन्हा उघडायचे राखीव कोडसुद्धा फोनमध्येच फोटो काढून ठेवलेले. दुसऱ्याच्या फोनवरून कुणाला लावायचं, तर तिला एकच नंबर पाठ होता, नाशिकच्या घरचा जुना लँडलाइन. तो बंद होऊन सात वर्षं झाली होती. तरी तिनं तो लावला, असं ती सांगते. नुसता ऐकायला. जर्मनीत 116 116 या नंबरावर कार्डं बंद करता येतात, हे तिला रेल्वेतल्या एका अनोळखी बाईनं सांगितलं. तिचं नशीब एवढंच की तिच्या जर्मन सिमला पिन होता. तो तिकडं मुळातच लावलेला येतो. त्यामुळं चोराला ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तिचे ओटीपी घेता आले नाहीत. आपल्याकडं सिमला पिन लावणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. ती परत आली त्या रात्री आम्ही दोघींनी राखीव कोड कागदावर लिहिले. तिनं तिचे पासपोर्टच्या पाकिटात ठेवले, मी माझे गोड्या मसाल्याच्या डब्याच्या तळाशी.

2024 च्या ऑगस्टात आण्णांना तो फोन आला. दुपारची वेळ, पेढीवर. व्हॉट्सअॅपवर, फोटोत पोलिसी टोपी. आधी एका मुलीच्या रडण्याचा आवाज: “पापा, मुझे बचा लो.” मग भारदस्त हिंदीत एक माणूस, की तुमची मुलगी जर्मनीत ड्रग्जच्या प्रकरणात सापडली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला बोलू नका. आवाज माझ्यासारखाच होता, असं आण्णा अजून म्हणतात. पण आमच्या घरात ‘पापा’ कुणी म्हणत नाही. सात पिढ्यांत नाही. त्यांनी फोन ठेवला. ठेवला, पण हात थांबेनात. मी प्रयोगशाळेत होते, फोन लॉकरमध्ये. त्यांनी मला अकरा वेळा लावला. चाळीस मिनिटांनी मी उचलला तेव्हा ते काही बोललेच नाहीत. नुसता यार्डाचा आवाज येत होता. मग म्हणाले, “म्हण.” मी विचारलं, काय म्हणू? “आण्णा म्हण.”

मी म्हटलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तो नंबर सरकारी पोर्टलवर कळवला, ते सगळं रीतसर झालं. मला धास्ती वेगळीच बसली. त्या ठगानं धाक घालायच्या ऐवजी नुसतं म्हटलं असतं, “आण्णा, ओटीपी आलाय का बघा,” तर? दोन वर्षं मीच त्यांना ती सवय लावली होती. आवाज लेकीचा असला की आकडे द्यायचे. चष्मा लावून, जोडी-जोडीनं, प्रेमानं. मी घराला एक दार केलं होतं आणि त्याला कडी ठेवली नव्हती. त्या रविवारी आम्ही तिघांनी एक परवलीचा शब्द ठरवला. तो इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की तो आजीच्या तोंडचा आहे आणि कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही. आण्णांना ही कल्पना पटकन पटली. त्यांच्या उमेदवारीत जुनी माणसं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवल्याच्या गोष्टी सांगायची. बाहेर सगळा बाजार उभा, आणि दर ठाऊक फक्त दोन हातांना. “तसंच की हे,” म्हणाले.

गेल्या मार्चमध्ये पदवी झाली, नोकरी लागली, आणि मी सगळी व्यवस्था नीट लावायला घेतली. शिकायला बाहेर गेलेलं माणूस परकीय चलनाच्या कायद्यात अनिवासी धरलं जातं, त्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं, करावं लागतं. ते मी अडीच वर्षं टाळत होते. बँकेत माझा जर्मन नंबर नोंदवला. (यूपीआयसाठी परदेशी नंबर चालू झाले तेव्हा पहिल्या दहा देशांच्या यादीत जर्मनी नव्हती, नाहीतर हे आधीच केलं असतं.) ईमेलला आणि बाकी ठिकाणी कोड देणारं अॅप लावलं, ते सिमवर अवलंबून नाही. दोन शनिवार गेले. शेवटी आण्णांना फोन करून सांगितलं, आता तुमची सुटका. मला वाटलं, त्यांना मोकळं वाटेल. “बरं झालं,” म्हणाले. मी माझं कौतुक करून घेत होते, त्यामुळं त्या दोन शब्दांकडं नीट लक्ष दिलं नाही.

दिवाळीत घरी गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय. आमच्याकडं जुनं काढत नाहीत, नवं त्याच खिळ्यावर पुढं चढवतात. फराळ करताना गॅस सिलिंडरची तारीख बघायला मी पान उलटलं आणि मागं-मागं जात राहिले. चौकोनात पेन्सिलीनं दुधाचे रतीब, सिलिंडर, आईची साडी फॉलला दिलेली. आणि मध्ये मध्ये सहा आकडे, जोडीनं लिहिलेले: 47 90 69. त्याखाली आण्णांच्या बारीक अक्षरात कधी ‘ताप’, कधी ‘बर्फ पडला’, कधी ‘घाईत’, कधी ‘हसली’. 2024 मध्ये, 2023 मध्ये, सगळीकडं. मी पहिली रागावले. “आण्णा, हे असं भिंतीवर लिहितात का?” ते चकलीचा सोऱ्या फिरवत होते. म्हणाले, “मुदत संपलेले आहेत की गं सगळे. चोर काय करणार त्याचं?” त्यांचं बरोबर होतं. त्या आकड्यांनी आता कुठलंच कुलूप उघडत नव्हतं. मी पुढची पानं बघितली. एप्रिल, मे, जून. दूध, सिलिंडर, दूध. एका चौकोनात नुसतं ‘ताप?’ आणि पुढं काही नाही.

त्या वेळी मी पान सरळ केलं आणि चकल्या तळायला बसले. तो प्रश्नचिन्हाचा चौकोन गेल्या रविवारी त्या एका वाक्यानं पुन्हा उघडला. मी मोजलं. मार्चनंतर मी स्वतःहून किती वेळा फोन केला होता? रविवारचे आईचे फोन सोडले तर मला एकही आठवेना. आधी आठवड्यातून दोनदा, तीनदा करत होते. काम असायचं म्हणून. कामाच्या त्या तीन मिनिटांत मी कधी शिंकत असायचे, कधी बाहेर बर्फ असायचा, कधी कुणाचं तरी बोलणं आठवून हसायचे. मला ते आठवतही नाही. त्यांनी ते तारीखवार लिहून ठेवलं होतं.

जे बदललं ते पुन्हा पहिल्यासारखं करणार नाही. ते सिम आता बंद केलंय, आणि ते बंद असणंच बरोबर आहे. पुन्हा कधी कुणी आण्णांकडं आकडे मागितले तर त्यांनी फोन ठेवावा, मीच मागितले तरी ठेवावा, हे मी त्यांना बजावलंय.

बुधवारी दुपारी ऑफिसातून खाली येऊन फोन लावला. तिकडं रात्रीचे सात. पलीकडं क्षणभर शांतता. मग त्यांनी परवलीचा शब्द विचारला. मी सांगितला. “हां. बोल, काय काम काढलंस?” काही नाही, म्हटलं, सहज. पुन्हा शांतता. त्यांना पुढं काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि मलाही. मागं आई विचारत होती, कोण आहे, काय झालं. मग मीच म्हटलं, “आण्णा, राजापुरी हळदीचा आजचा दर काय निघाला?”

“थांब,” ते म्हणाले, “चष्मा लावतो.”

वही उघडल्याचा आवाज आला. माझ्या खिशात बाटल्यांच्या यंत्राची पावती होती. ती भिंतीला टेकवून तिच्या पाठीवर मी लिहायला घेतलं.